नर्स तेच तेच प्रश्न का विचारते?

एका ताईंनी लिहिलंय की ड्युटी बदलली की नवी नर्स सासूबाईंना पुन्हा नाव, गाव, वार विचारते आणि सासूबाईंना तो अपमान वाटतो. राग समजतो, पण वॉर्डात काम करणारी म्हणून सांगते, हे थांबवायला सांगू नका. हे प्रश्न डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ, ओळखायला असतात, आणि तो दिवसभरात कमी-जास्त होतो. सकाळी नीट बोलणारी आजी रात्री भिंतीवर मुंग्या दाखवते. ग्लासगो कोमा स्केलवर (पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायची पद्धत) १५ पैकी १४ गुण ऐकायला उत्तम, पण गेलेला एक गुण गोंधळलेल्या बोलण्याचा असू शकतो. लक्ष टिकतंय का ते पाहायला मी २० पासून उलटे आकडे म्हणायला सांगते. त्याआधी चष्मा आणि कानाचं यंत्र लावायचं, नाहीतर ऐकू न येणंच गोंधळ समजलं जातं. गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याकडच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी तारीख कशाला? ‘चवथ जाली?’ (गणेश चतुर्थी झाली का?) असं कोंकणीतून विचारलं की खरा अंदाज येतो.

आणि आरडाओरड करणाऱ्यापेक्षा अचानक गप्प, झोपाळू झालेला पेशंट नजरेतून जास्त सुटतो. ‘ही एरवी अशी नसते’ एवढं घरच्यांनी सांगितलं तरी आम्ही लगेच कारण शोधायला लागतो: साखर, ऑक्सिजन, ताप, तुंबलेली लघवी, नवं सुरू झालेलं औषध.