जुनी एसयूव्ही घेताना तुम्ही नेमकं काय बघितलं? खान्देशातल्यांनी अनुभव लिहा

धागाकर्ता, पारोळा
मंडळी, माझ्या मेहुण्याला जुनी एसयूव्ही घ्यायची आहे, पाचेक लाखाच्या आत, आणि 2012 ते 2015 च्या स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी बघणं चालू आहे. तयार याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात. तुम्ही स्वतः गाडीपाशी उभं राहून काय बघितलं आणि कशावरून ती सोडली किंवा घेतली ते लिहा. माझं मत आधीच सांगून टाकतो, अमुक मॉडेल भारी आणि तमुक बेकार हा हिशोब दहा वर्षांनी फारसा उरत नाही, गाडी कोणाच्या हाताखाली आणि कुठल्या कामाला चालली त्यावर सगळं आहे. एक बोलेरो जळगावच्या डॉक्टरकडे घर ते दवाखाना फिरलेली आणि दुसरी गिरणेच्या पात्रातून वाळू ओढलेली, आरसीवर दोन्ही सारख्याच दिसतात.

शिरपूरचा मिस्त्री
गॅरेज चालवतो म्हणून जरा लांबलचक लिहितो. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आदल्या दिवशीच मालकाला सांगायचं की दादा आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्याबरोबर पहिला हात बोनेटवर. बोनेट गरम लागलं तर विचारायचं की एवढ्या सकाळी कुठे जाऊन आली. गरम इंजिन कुठलंही पटकन चालू होतं, खरं रूप थंड असतानाच कळतं. एका माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर टर्बोचं सील. काळा धूर जोरात रेस दिल्यावर थोडा आला तर जुन्या डिझेलला चालतं पण सारखा येत असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघावं लागतं. पांढरा धूर थंडीत दोन मिनिटं राहून गेला तर ठीक, गाडी तापल्यावरही जात नसेल तर थांबा.
मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल टाकायचं झाकण हळूच उघडा. थोडी वाफ असतेच, पण भक्-भक् करून धूर वर येत असेल आणि झाकण वर ठेवल्यावर नाचत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, म्हणजे इंजिन काम जवळ आलंय. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून लोक घाबरतात, त्याचं काही नाही, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं. झाकणाच्या आतून दुधाळ चिकट थर दिसला किंवा कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग दिसला तर मात्र हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा संशय घ्यायचा. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं, तापलेलं असताना हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि आत नुसतं बोअरचं पाणी भरलेलं असेल तर तो मालक बाकीच्या गोष्टीतही तसाच वागलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यात बोअरच्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या गाड्या दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात.

केळीवाला, रावेर
मिस्त्रीदादांनी इंजिनाचं सांगितलं, मी खालचं सांगतो. आमच्या भागात बोलेरोत माणसांपेक्षा खताच्या गोण्या आणि केळीचे घड जास्त फिरतात. म्हणून मी आधी गुडघ्यावर बसून मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा बघतो. पाटा सपाट झालेला, एखादं पान तुटलेलं किंवा बाकीचं सगळं गंजलेलं असताना तेवढंच नवं घातलेलं दिसलं की समजायचं ओझं वाहिलंय. मग चेसिसवर टॉर्च मारायची, कुठे वेल्डिंगचा डाग आहे का, कुठे ताजा काळा रंग मारलाय का. विकायच्या आधी खालून काळा रंग मारून आणलेली गाडी आमच्याकडे खूप येते, त्या रंगाखाली काय आहे ते बोटाने खरवडून बघा.
आणि मीटरवर विश्वास ठेवू नका. मागे एक बघितली, मीटर सत्तर हजारांच्या आत, आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून कडेला लोखंड चमकत होतं, स्टेअरिंगचा वरचा भाग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा कोपरा बसलेला. मालक म्हणे एकाच हाताखाली चाललीय. मी चहा घेतला आणि परत आलो.

एरंडोलची
टायरवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून भुलू नका, जुनं रबर उन्हात कडक होतं. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर ते पण बरंच काही सांगतं.

चाळीसगावकर
आमच्याकडे 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून कुठलीही गाडी बघताना माझं पहिलं काम पाण्याचा माग काढणं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे धुतात, पण गुंडाळलेला भाग बाहेर आला की मातीची रेघ राहिलेली दिसते. सीट पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघा, फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून पिनांवर हिरवट बुरा आहे का बघा, पायातलं मॅटिंग उचलून खालचा फोम दाबा आणि वास घ्या. अत्तर फार मारलेलं असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसायचं. बुडालेल्या गाडीचं इंजिन नीट होतं हो, वायरिंग होत नाही, दर पावसाळ्यात काहीतरी बंद पडत राहतं. सुरत आपल्याला जवळ, 2006 मध्ये तापीच्या पुरात ते शहर बुडालं होतं, तिकडूनही गाड्या येतात आणि गाडी कुठल्या गावची आहे हे बघून त्या गावात पूर कधी आला होता ते मी आठवून बघतो.

शहाद्याची शिक्षिका
मला इंजिनातलं कळत नाही, ते भाच्याने बघितलं, कागदपत्रं मात्र मी स्वतः बघितली. आम्हाला एक मोठी सात सीटर दाखवली होती, दिल्ली पासिंग, आतून एकदम स्वच्छ आणि इथल्या भावापेक्षा बरीच स्वस्त. स्वस्त का ते समजून घ्या. दिल्ली भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी 2015 ला हरित लवादाने आणि मग 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, त्यामुळे तिथल्या लोकांना त्या बाहेरच काढाव्या लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी लागते, महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि मग एमएच 39 नंबर मिळतो. हे सगळं धरून हिशोब केला तर स्वस्ताई बरीचशी संपते. विकणारा म्हणाला एनओसी मागाहून देतो. मी म्हटलं भाऊ, पैसेही मागाहूनच देईन.
दुसरं, कर्जाचा बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा, चलन सगळं बघा. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झालाय का ते विचारा. आणि 2012 ची गाडी म्हणजे 2027 ला 15 वर्षं होतात, त्यानंतर आरसी नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर, हे किंमत ठरवतानाच धरायचं.

धुळ्याचे आप्पा
मी आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. आमच्याकडे म्हणायचे, गाडी घाटमा दखानी, आंगनमा नई, म्हणजे गाडी घाटात बघावी, अंगणात नाही. गावात एक चक्कर मारून काही कळत नाही. धुळ्याच्या बाजूला असाल तर लळिंगचा चढ, चाळीसगावकडचे असाल तर कन्नडचा घाट, माणसं भरून आणि एसी लावून दुपारी चढवा. टेंपरेचरचा काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे, वर सरकत गेला तर फॅन किंवा रेडिएटर. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस वाढतेय आणि गाडी मात्र ओढत नाही असं झालं तर क्लच प्लेट. उतरताना गिअर सोडायचा नाही, पाय काढल्यावर मागून उंउंउं असा आवाज आला तर डिफरन्शियल, सुटताना खट्ट झालं तर क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा. सपाट रस्त्यावर स्टेअरिंग क्षणभर सैल सोडा आणि कुठे ओढते बघा. फोर बाय फोर असेल तर शेतात नेऊन टाकून बघा, कितीतरी गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो.

नंदुरबारी
एवढं करण्यापेक्षा कंपनीच्या सर्व्हिसचा रेकॉर्ड काढला की झालं ना?

शिरपूरचा मिस्त्री
काढाच, पण तेवढ्यावर थांबू नका भो. वॉरंटी संपल्यावर आपल्याकडची निम्मी माणसं बाहेरच्याच मिस्त्रीकडे जातात, ते कुठल्या रेकॉर्डला येत नाही. रेकॉर्डचा खरा उपयोग मीटरसाठी. 2017 ला नव्वद हजार लिहिलेले आणि आज मीटर ऐंशी दाखवतोय तर विषय संपला.
एअर फिल्टरचा डबा पण उघडा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे स्वच्छ बाजूला बोट फिरवा. काळ्या मातीची पूड बोटाला लागली तर ती टर्बोपर्यंत गेलीय. कापसाच्या हंगामात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाड्यांना हे फार होतं.

भुसावळ, रेल्वे कॉलनी
एक राहिलं, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाक करवणारा पट्टा. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला त्याऐवजी चेन आहे, जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाला आणि डस्टरच्या दीड लिटर डिझेलला बेल्ट आहे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च थेट हेडपर्यंत जातो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

धागाकर्ता, पारोळा
खूप कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. काल अमळनेरला 2014 ची एमहॉक स्कॉर्पिओ बघितली. दुसरा मालक, बोजा उतरलेला, बोनेट थंड होतं, झाकणातून धूर नाही, सीटबेल्ट स्वच्छ. पेडलची रबरं आणि मीटर एकमेकांना जुळतात. फक्त थंड असताना पुढच्या बाजूने खडखड असा आवाज आला आणि थोड्या वेळात गेला. मालक म्हणतो सगळ्यांनाच येतो.

शिरपूरचा मिस्त्री
सगळ्यांना येत नाही दादा. पुढून आणि थंडीतच येतो म्हणजे चेन सैल किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर, ऑइल वर चढलं की दाब धरतो आणि आवाज थांबतो. ऑइल शेवटचं कधी आणि कुठलं टाकलं ते विचारा, मिस्त्रीकडून गेज लावून ऑइल प्रेशर बघून घ्या. प्रेशर बरोबर असेल तर चेन, टेन्शनर आणि गाइडचा खर्च मालकासमोर लिहून काढा आणि तेवढा भाव खाली मागा, बाकीची गाडी तुम्ही सांगता तशी असेल तर घेण्यासारखी आहे. प्रेशर कमी निघालं तर सोडा, मग बेअरिंगपर्यंत जावं लागेल. मेहुण्यांना घेऊन या, गेज माझ्याकडे आहे.