वाड्याच्या ग्रुपवर सोन्याला मिळालेल्या वेगाच्या तिकिटाची चर्चा

रविवार सकाळ (अमेरिकेत, न्यू जर्सीत अजून शनिवार रात्र)

सोन्या: सगळ्यांना नमस्कार. आज आत्याकडून परत येताना पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. ४० मैलांच्या रस्त्यावर मी ५७ ने होतो. तिकीट मिळालंय. कुणाला काही लागलेलं नाही, घरी पोचलोय.

माई: अरे देवा. बरा आहेस ना? जेवलास का? ५७ म्हणजे आपल्या हिशेबात किती?

सोन्या: बरा आहे आई. ९२ किलोमीटर. मर्यादा ६४ ची होती. उतार होता, ५० ची ४० कधी झाली ते कळलंच नाही. पोलीस सभ्य होता. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचं कार्ड घेऊन गेला, दहा मिनिटांनी हा लांबट कागद देऊन गेला.

अण्णा: दंड किती?

सोन्या: शंभर डॉलरच्या थोडा वर. ऑनलाइन भरता येतो. आत्ताच भरतो म्हणजे विषय संपेल.

बेबीआत्या: भरू नकोस! सोन्या, कार्ड बाजूला ठेव. मी टाइप करतेय, थांब जरा.

पिंकी (डॅलस): सोन्या, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स कर, तिकीट रद्द होतं. मी दोन वर्षांपूर्वी तेच केलं. सहा तासांचा ऑनलाइन कोर्स.

बेबीआत्या: पिंके, ते तुमच्या टेक्सासात. तिथे कोर्टाकडे वेळेत अर्ज करून कोर्स केला की केस काढून टाकतात, वर्षातून एकदा. न्यू जर्सीत कोर्सने केस जात नाही, फक्त दोन पॉइंट कमी होतात, तेही पाच वर्षांत एकदाच. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. म्हणून सोन्या, मित्रांच्या ग्रुपवर कॅलिफोर्नियातल्या कुणी काही सांगितलं तर त्यावर जाऊ नकोस.

आता नीट वाच. ऑनलाइन पैसे भरणं म्हणजे नुसता दंड भरणं नव्हे. त्याचा अर्थ तू गुन्हा कबूल केलास. स्क्रीनवर तसं लिहिलेलंही असतं, पण घाईत कोण वाचतं. तू मर्यादेच्या १७ मैल वर होतास. आमच्याकडे १ ते १४ मैल वर असलं तर २ पॉइंट, १५ ते २९ असलं तर ४, आणि ३० किंवा त्याहून जास्त असलं तर ५. म्हणजे बटण दाबलंस की तुझ्या लायसन्सवर ४ पॉइंट. शंभर डॉलर विसरून जाशील, पॉइंट विसरू देत नाहीत.

अण्णा: पॉइंट म्हणजे नक्की काय? इकडे मोबाइलवर ई-चलान येतं, पैसे भरले की मिटलं. थकलेली चलानं लोक अदालतीत तडजोडीने मिटवतात.

बेबीआत्या: अण्णा, इथे दंड वेगळा आणि पॉइंट वेगळे. पॉइंट मोटर व्हेइकल खात्याच्या नोंदीत चढतात. तीन वर्षांत सहा झाले की खातं वेगळा सरचार्ज लावतं, १५० डॉलर, वर प्रत्येक जास्तीच्या पॉइंटला २५. बारा झाले की लायसन्स निलंबित. एक वर्ष काही न करता गाडी चालवली तर तीन कमी होतात. पण खरा फटका गाडीच्या विम्याचा. माझंच सांगते. इथे आले त्याच्या चौथ्या वर्षी स्टॉपच्या पाटीपाशी मी गाडी पूर्ण थांबवली नाही, हळू केली आणि वळले. दोन पॉइंटचं तिकीट. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून, कुकर लावून, दंड भरला. कुणाला विचारलं नाही. पुढच्या नूतनीकरणाला विम्याचं बिल आलं तेव्हा मी दोनदा पत्ता तपासला, माझंच आहे ना म्हणून. ते वाढलेले पैसे तीन वर्षं देत होते.

माई: हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत वन्सं.

बेबीआत्या: वहिनी, तेव्हा फोन महाग होता आणि लाज जास्त होती. म्हणून आता सगळं लिहितेय.

सोन्या: मग आत्या, करायचं काय? कोर्टात जायचं म्हणजे वकील लागेल का? मला तर कोर्ट म्हटलं की पोटात गोळा येतो. व्हिसावर आहे मी.

बेबीआत्या: सांगते. ज्या गावाच्या हद्दीत तिकीट मिळालं, त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात केस असते. छोटं कोर्ट, ज्युरी नसते. हे तिकीट म्हणजे फौजदारी अपराध नव्हे. वकील घेणं सक्तीचं नाही. अपघात झाला असता, कुणाला लागलं असतं किंवा लायसन्सवर आधीच पॉइंट असते, तर मी म्हणाले असते की चारशे-पाचशे डॉलर जाऊ देत पण वकील घे. तुझं पहिलंच तिकीट आहे, तू स्वतः बोलू शकतोस.

तिकिटावर कोर्टात यावंच लागेल अशी खूण आहे का बघ. नसली तरी तू गुन्हा नाकबूल म्हणून कळव. ते ऑनलाइनही कळवता येतं. मग तारीख मिळते. तारखेला गैरहजर राहायचं नाही, काही झालं तरी. गैरहजर राहिलं की साध्या तिकिटाचं प्रकरण लायसन्स निलंबित होण्यापर्यंत जातं.

माई: पण वन्सं, तो वेगात होताच ना? मग नाकबूल कसं म्हणायचं? मला ते बरं वाटत नाही. खोटं बोलून सुटायला आपण त्याला शिकवलं नाही.

बापू: वहिनी, इथे मी बोलतो. तीस वर्षं साताऱ्याच्या कोर्टात फायली वाहिल्यात. नाकबूल म्हणजे ‘मी केलं नाही’ अशी शपथ नव्हे. नाकबूल म्हणजे ‘सरकारने सिद्ध करावं’. आपल्याकडेही आरोप वाचून दाखवला की आरोपीला विचारतात, कबूल आहे का. नाकबूल म्हटल्यावर कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. तो त्याचा हक्क आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेऊन खोटं बोलणं ही गोष्ट निराळी, ते सोन्याने कधीच करू नये.

बेबीआत्या: बापूंनी अगदी नेमकं सांगितलं. आणि वहिनी, शेवटी जजसमोर तो खरंच बोलणार आहे. इथली पद्धत अशी. आधी सरकारी वकिलाशी, म्हणजे प्रॉसिक्युटरशी, बोलायची संधी मिळते. तो रेकॉर्ड बघतो आणि आरोप बदलून द्यायला तयार होऊ शकतो. न्यू जर्सीत ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ म्हणून कलम आहे, ३९:४-९७.२. पहिल्या आणि दुसऱ्या वेळी त्याला शून्य पॉइंट. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा घेतलं तर चार चढतात. पण ते फुकट नाही. दंड ५० ते १५०, त्यावर २५० डॉलरचा सरचार्ज, आणि कोर्टाचा खर्च ३३ पर्यंत.

अण्णा: म्हणजे चारशेच्या आसपास! शंभर भरणं स्वस्त नाही का?

बेबीआत्या: आज स्वस्त, पुढची तीन वर्षं महाग. शिवाय पुढच्या वेळी चूक झाली तर चारावरून मोजायला सुरुवात. अण्णा, त्याला रोज गाडीने ऑफिसला जायचं असतं. त्याच्याकडे बस नाही.

अण्णा: पटलं.

सोन्या: प्रॉसिक्युटर नाही म्हणाला तर?

बेबीआत्या: तो बांधील नाही, आणि जजही बांधील नाही. मग विचार की वेग १४ मैलांच्या आत आणता येईल का. तसं झालं तर दोन पॉइंट, आणि तो सहा तासांचा कोर्स करून ते दोन काढता येतात. कोर्सवर तीन वर्षं विम्यात सवलतही मिळते. तेही नको म्हणाला तर सुनावणी मागायचा हक्क आहेच. रडार किंवा लेझरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, पोलिसाच्या प्रशिक्षणाचा कागद, हे प्रॉसिक्युटरकडे लेखी मागता येतं. पण सोन्या, मनापासून सांगते, तू ५७ ने होतास हे तुला माहीत आहे. सुनावणीची जिद्द धरू नकोस.

आणि आजच एक काम कर. मोटर व्हेइकल खात्याच्या साइटवरून तुझा ड्रायव्हर हिस्ट्री अ‍ॅब्स्ट्रॅक्ट काढ. पंधरा डॉलर. पाच वर्षांची नोंद असते. त्यावर काही नाही हे कागदावर दाखवता आलं की निम्मं बोलणं वाचतं.

पिंकी: मावशी, एक विचारू? माझी मैत्रीण ट्रक चालवते, कमर्शियल लायसन्स आहे तिच्याकडे. तिलाही असं करता येईल का?

बेबीआत्या: नाही गं. कमर्शियल लायसन्सवाल्यांच्या बाबतीत असा आरोप झाकून टाकायला केंद्रीय नियमांची मनाई आहे. तिने वकिलालाच विचारावं. ती रोजीरोटीची गोष्ट आहे.

बापू: सोन्या, व्हिसाची काळजी लिहिली होतीस. पुढे कुठल्याही फॉर्मवर तिकिटाबद्दल विचारलं तर खरं लिही आणि निकालाचा कागद जपून ठेव. लपवणं हेच घातक असतं.

सोन्या: हो काका.

---

सहा आठवड्यांनी, मंगळवार

सोन्या: आज तारीख होती. झाली.

माई: काय झालं? सांग लवकर. मी सकाळपासून देवापाशी दिवा लावून बसलेय.

सोन्या: सगळं सांगतो. झूमवर होतं, इथे छोट्या वाहतुकीच्या केसेस हल्ली बऱ्याचदा तशाच होतात. इस्त्रीचा शर्ट घातला, बेडरूमचं दार लावलं, मागे कोरी भिंत. नावापुढे तिकीट नंबर लिहायला सांगितलं होतं. चाळीसएक जण असतील. एक जण चालत्या गाडीतून जोडलेला होता, त्याला जजने गाडी बाजूला लावून परत यायला सांगितलं.

आधी जजने सगळ्यांना हक्क वाचून दाखवले. वकील घेता येतो, सुनावणी मागता येते, दुभाषा लागला तर कोर्ट मोफत देतं, पैसे एकदम भरता आले नाहीत तर हप्ते मागता येतात. मग एकेकाला वेगळ्या खोलीत प्रॉसिक्युटरकडे पाठवलं. माझा नंबर पावणेदोन तासांनी आला.

बेबीआत्या: काय बोललास?

सोन्या: तू लिहून दिलं होतंस तेच. गुड मॉर्निंग म्हटलं. म्हटलं, हे माझं पहिलंच तिकीट आहे, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कोर्टाला पाठवलाय, पॉइंट नसलेल्या अनसेफ ड्रायव्हिंगचा विचार कराल का? उताराचं कारण सांगायला सुरुवात केली होती, पण सबबी सांगू नकोस हे तुझं आठवलं आणि थांबलो. बाईंनी कागद बघितला, पोलिसाने काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि हो म्हणाल्या. दीड मिनिट.

बापू: आणि जज?

सोन्या: जजने विचारलं, सुनावणीचा हक्क सोडतोय हे कळतंय का, कुणी दबाव आणला का, याव्यतिरिक्त कुणी काही आश्वासन दिलंय का. मग म्हणाले, त्या दिवशी काय केलंत ते सांगा. मी म्हटलं, उतारावर वेग बदललेला माझ्या लक्षात आला नाही, पुढे वळण होतं आणि तिथे लोक रस्ता ओलांडतात, मी त्या वेगाने चालवायला नको होतं. हे म्हणताना माझा आवाज बसला. आई, खोटं एक शब्द बोललो नाही.

माई: बाळा.

सोन्या: दंड १००, सरचार्ज २५०, कोर्टाचा खर्च ३३, आणि किरकोळ आकार वर. पॉइंट शून्य. पैसे भरले.

अण्णा: शाबास. पैशाची फिकीर करू नकोस.

पिंकी: वा सोन्या! मावशी, तू खरंच वकील व्हायला हवी होतीस.

बेबीआत्या: मी फक्त एकदा चुकले होते, एवढंच. सोन्या, पाच वर्षं ही सोय तुझ्याकडे अजून एकदाच आहे असं समज.

माई: आणि त्या रस्त्यावरून आता कसा जातोस?

सोन्या: गेल्या रविवारी मुद्दाम तिथे उतरून पाहिलं. उतार सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताला ४० ची पाटी आहे, झाडाच्या फांदीआड अर्धी. पलीकडे शाळेचा क्रॉसिंग आहे. आता वरच्या सिग्नलपासूनच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो.

बेबीआत्या: पावतीची पीडीएफ इथेही टाकून ठेव. आणि महिन्याभराने अ‍ॅब्स्ट्रॅक्ट परत काढ, जुन्या कलमाचे पॉइंट चुकून चढले नाहीत ना ते बघ.

सोन्या: पंधरा तारखेचा अलार्म लावला आत्या.