फोडलेल्या सरपणासाठी कन्व्हेयर: आळशांची चैन की गरज?

पाचर

सरपणाच्या साठवणीविषयी बोलणे चालू असताना आडवापाट यांनी काल लिहिले की, फोडलेली लाकडे ढिगावर चढवण्यासाठी कन्व्हेयर, म्हणजे लाकूड वर नेणारा सरकता पट्टा किंवा साखळी, घेणे ही कंबर वाकवण्याचा कंटाळा असणाऱ्यांची चैन आहे, आणि घ्यायचाच झाला तर मिळेल तेवढा लांब घ्यावा, बाकी काही पाहण्याची गरज नाही. ही दोन्ही विधाने वेगवेगळ्या कारणांनी चुकीची असल्यामुळे स्वतंत्र धागा काढतो आहे.

स्प्लिटरवर, म्हणजे लाकूड फोडण्याच्या यंत्रावर, काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की खरा अडथळा लाकूड उचलण्याचा नसून पायाशी साचणाऱ्या लाकडाचा असतो. यंत्र फोडत राहते आणि माणूस मात्र दर थोड्या वेळाने ते थांबवून जागा मोकळी करत बसतो. हातगाडीने हे लाकूड हलवता येते, पण हातगाडी ढिगावर चढत नाही. शंकूच्या आकाराच्या ढिगाचा उतार तोच ठेवून उंची दुप्पट केली, तर त्यात आठपट लाकूड मावते; हातगाडीवाल्याला तेच लाकूड जमिनीवर पसरत न्यावे लागते.

आता लांबीविषयी. २४ फुटी कन्व्हेयर ३० अंशांवर लावला तर त्याचे वरचे टोक पायथ्यापासून १२ फूट उंच जाते आणि ४० अंशांवर साधारण साडेपंधरा फूट. परंतु गुळगुळीत रबरी पट्ट्यावरून लाकूड त्याच्या पुष्कळ आधीच खाली घसरू लागते, त्यामुळे तीव्र चढासाठी आडव्या पट्ट्या बसवलेली साखळी किंवा आडवे उंचवटे असलेला पट्टाच लागतो. म्हणजे लांबी, कोन आणि पट्ट्याचा प्रकार ही एकत्र ठरवण्याची बाब आहे. शिवाय पन्हळीची, म्हणजे लाकूड ज्यातून वर सरकते त्या खोबणीची, रुंदी पाहा. ती लाकडाच्या लांबीपेक्षा बरीच कमी असेल तर लाकूड पन्हळीच्या लांबीच्या दिशेनेच राहते आणि बरीच जास्त असेल तर मोकळेपणाने फिरते. ती लाकडाच्या लांबीच्या आसपास असेल, तर पहिलाच तिरका तुकडा दोन्ही भिंतींमध्ये अडकून बसतो. हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

आडवापाट

पाचर, आपण माझी दोन वाक्ये उचललीत आणि त्यांच्या खालचा परिच्छेद सोयीस्करपणे सोडून दिलात. माझा आक्षेप यंत्रावर कमी आणि त्या यंत्रातून जन्माला येणाऱ्या ढिगावर जास्त आहे. माझ्या मेहुण्याने कन्व्हेयरने डोंगराएवढी रास घातली, येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवली, आणि थंडीच्या तोंडावर ती उकरली तेव्हा मधले लाकूड पांढऱ्या बुरशीने माखलेले, हाताला दमट लागणारे आणि चुलीत नुसता धूर करणारे निघाले. मी स्प्लिटरवरून लाकूड उचलतो ते थेट थप्पीत रचतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकदाच हात लागतो. आपण ते आधी ढिगावर फेकणार आणि पुन्हा ढिगातून काढून रचणार असाल, तर कन्व्हेयरने काम वाचवलेले नाही, फक्त पुढे ढकललेले आहे.

यंत्रवेडा

थप्पी की ढीग हा वाद चालू द्या, पण कन्व्हेयर म्हटले की त्यावर भले मोठे पेट्रोल इंजिन बसवण्याची जी सवय पडली आहे, तिच्याविषयी कोणीतरी बोललेच पाहिजे. ताशी १० टन लाकूड ४ मीटर उंच न्यायला निव्वळ वजन उचलण्यापुरती शक्ती सुमारे ११० वॉट लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे हा जेमतेम सातवा हिस्सा झाला. घर्षणासाठी त्याच्या कितीतरी पट सोडले तरी एक साधी विजेची मोटर पुरते. तरीही विकणारे अश्वशक्तीचा आकडा छाती फुगवून सांगतात, आणि घेणारे दिवसभर कानठळ्या बसवून घेतात.

ग्रीसगन

यंत्रवेडा यांचे गणित वहीत अगदी बरोबर आहे. मात्र पन्हळ काठोकाठ भरलेली असताना मध्येच बंद पडलेला कन्व्हेयर पुन्हा चालू करून पाहा, म्हणजे वहीबाहेरचे गणितही कळेल. साखळी पत्र्यावर घासत असते, ओली साल तिच्याखाली दबलेली असते, आणि सुरुवातीचा जोर कमी असलेली मोटर अशा वेळी नुसती गुणगुणत तापत राहते. मी अशा दोन मोटरी जाळल्या असून त्यांचा वास अजून नाकातून गेलेला नाही.

त्याहून वाईट म्हणजे स्प्लिटरच्याच तेलावर चालणारी हायड्रॉलिक मोटर. स्प्लिटरच्या व्हॉल्व्हमधून तेल टाकीत परतते त्या वाटेवर ती जोडली की लाकूड फोडणारा दट्ट्या पुढे सरकताना परतणारे तेल कमी होते आणि पट्टा मंदावतो, तर दट्ट्या मागे येताना तेल जास्त येते आणि पट्टा पळू लागतो. अवघड गाठीवर दट्ट्या अडला आणि जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह वेगळ्या वाटेने टाकीला जोडलेला असेल, तर तेल तिकडून जाते आणि पट्टा जागीच थांबतो. शिवाय परतीच्या वाटेवरचा दाब सोसण्याची सोय त्या व्हॉल्व्हमध्ये नसेल तर त्याची सीलही जातात. स्वतंत्र पंप देणार नसाल तर हा उद्योग करू नका.

यंत्रवेडा

भरलेला कन्व्हेयर बंद करण्याआधी रिकामा होऊ द्यावा, एवढे साधे पथ्य पाळले असते तर आपल्या दोन्ही मोटरी आज जिवंत असत्या. सुरुवातीला कपॅसिटरवर चालणारी, चांगल्या जोराची मोटर आणि योग्य गिअरबॉक्स लागतो, हे मान्य. तेवढे मान्य केल्याबद्दल सत्कार होणार असेल, तर हार साधा असावा.

ठिणगी

मूळ प्रश्न बुरशीचा होता आणि त्याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही. आडवापाटकाका, तुमच्या मेहुण्यांच्या ढिगात दोष ढिगाचा नव्हता, ढलप्यांचा होता. कन्व्हेयरचे टोक एकाच जागी ठेवले की मोठे तुकडे उतारावरून घरंगळत बाहेर जातात, आणि साल, भुसा व बारीक ढलप्या जिथे पडतात तिथेच, म्हणजे बरोबर मध्यभागी, साचत जातात. तिथे वारा पोहोचत नाही आणि ओल मात्र टिकून राहते. पीठ चाळायचे सोडून कोंड्यासकट भाकरी थापावी आणि मग तव्याला नावे ठेवावीत, तसा हा प्रकार आहे.

पन्हळीच्या तळाचा थोडा भाग पत्र्याऐवजी गजांचा केला, तर हा कचरा वर जाण्याआधीच गळून पडतो. फक्त ती जागा खालच्या स्प्रॉकेटपासून, म्हणजे साखळी ज्यावरून वळते त्या दातेरी चाकापासून, दूर असावी, नाहीतर साचलेला कचरा परतणारी साखळी पुन्हा आत ओढून नेते. दुसरे म्हणजे कन्व्हेयर अधूनमधून बाजूला फिरवावा, जेणेकरून सुळक्याऐवजी लांबट वरंबा तयार होईल. आणि ज्यांना ढीगच नको असेल त्यांनी फटी असलेल्या लाकडी पिंजऱ्यांत थेट लाकूड सोडावे, म्हणजे पुन्हा रचण्याचा प्रश्नच उरत नाही. लाकडातली ओल आडव्या बाजूपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगाने बाहेर पडते. त्या टोकांना वारा लागला, की लाकूड रचलेले आहे की नुसते सोडलेले, याने फार फरक पडत नाही. जाळण्याआधी ओल २० टक्क्यांच्या खाली आली म्हणजे झाले.

आडवापाट

म्हणजे तळाला गज लावा, टोक फिरवत बसा, पिंजरे बनवा, त्यांच्या फटी मोजा; आता लाकडाला सुकण्याची हात जोडून विनंती करायची तेवढी बाकी राहिली. आणि १२ फुटांवरून पडलेला ओला ठोकळा पिंजऱ्याच्या तळाच्या पट्ट्यांचे काय करतो, हे ठिणगीताईंनी सांगितले नाही.

ठिणगी

सुरुवातीला टोक खाली ठेवायचे आणि भरत जाईल तसे ते वर घ्यायचे. उंची बदलण्याचे हँडल त्यासाठीच दिलेले असते, काका.

आडवापाट

आमच्या मेहुण्याकडे ते हँडल गंजलेले होते. असो. अडकलेले लाकूड तो मोटर चालू असतानाच हाताने ओढून काढायचा. एकदा हातमोजा गेला, पण हात वाचला. थोडे धाडस असल्याशिवाय ही यंत्रे वापरता येत नाहीत, हेही इथल्या पंडितांनी लक्षात घ्यावे.

पाचर

यात धाडस कोणते ते मला दिसत नाही. दिसते आहे ते एका माणसाचे थोडक्यात वाचलेले मनगट आणि त्याचे कौतुक करणारे आपण. साखळी जिथे स्प्रॉकेटवर चढते तिथे हातमोजा, सैल बाही किंवा गळ्यातला रुमाल एकदा ओढला गेला की माणसाला हात सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही. तिथली जाळी ग्रीस देताना आड येते म्हणून काढून ठेवणारे आणि मग ती अडगळीत विसरणारे इथेही असतील, त्यांनी आजच ती परत बसवावी. बंद करण्याचे बटण खाली उभ्या माणसाच्या हाताला येईल असे हवे. अडकलेले लाकूड काढण्याआधी मोटरचा प्लग किंवा इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढलेली हवी, आणि त्यानंतरही वजनाने साखळी मागे घसरू शकते हे ध्यानात असावे. टोक वर असताना कन्व्हेयर ओढत नेऊ नये, कारण एकतर तो उलटतो, नाहीतर विजेच्या तारेला लागतो. आपल्याला या सूचना पांडित्य वाटत असतील तर खुशाल वाटोत.

ग्रीसगन

पाचर यांचा सूर चढला आहे, पण मुद्दा बरोबर आहे. जाता जाता माझे एक जुने दुखणे सांगतो: गवताच्या गासड्या चढवणारे जुने एलेव्हेटर कोणी स्वस्तात देत असेल तर विचार करून घ्या. गासडी मऊ असते आणि अखंड सरकते. फोडलेल्या लाकडाचे टोक मात्र पातळ पत्रा आणि साखळी यांच्या मधे घुसते. माझ्याकडच्या एलेव्हेटरच्या पत्र्याला एका हंगामात ठिकठिकाणी पोचे पडले.

यंत्रवेडा

तळाला जाड पत्रा आणि कडेला उंच फळ्या लावून मी तसाच एक वर्षानुवर्षे वापरतो आहे. फक्त लाकडे ओतायची नाहीत, एकेक ठेवायची. ज्याला टोपलीने ओतायचे आहे त्याने तो घेऊ नये, इथपर्यंत मी ग्रीसगन यांच्याशी नाइलाजाने सहमत आहे.

आडवापाट

हातमोजाविषयीचे वाक्य मी मागे घेतो. बाकीचे घेत नाही. मेहुण्याचा कन्व्हेयर या हंगामात माझ्याकडे येणार आहे, अर्थात फक्त पिंजऱ्यांपुरता, आणि थप्पी रचणे मी सोडणार नाही. त्याची मोटर वरच्या टोकाला आहे आणि साखळी खालून लोंबते आहे. ती कोणत्या टोकाने ताणायची, एवढेच सांगा, व्याख्यान नको.

ग्रीसगन

खालच्या टोकाने. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फिरवा, नाहीतर शाफ्ट तिरका होऊन साखळी एका कडेला घासेल. मोटर वर असल्यामुळे भार वाहणारी बाजू आपोआप ताणलेली राहते. परतणारी बाजू किंचित ढिली असली तरी चालते, फक्त ती चौकटीला घासता कामा नये. आणि ते हँडल आधी तेलात भिजवून ठेवा.