शब्दचर्चा : ‘दाता देश’ आणि ‘प्रजनन अधिकार’

प्रश्न (भाषांतरकार, दादर) :
गोवंडीतील महिला गटांसाठी मी एका माहितीपुस्तिकेचे मराठी करीत आहे. नेदरलँड्ससारखा देश परक्या मुलखातील स्त्रियांच्या गर्भनिरोधनासाठी, बाळंतपणासाठी आणि सुरक्षित गर्भपातासाठी पैसा का पुरवतो, हा तिचा विषय आहे. हाती आलेल्या मसुद्यात ‘दाता देश’ आणि ‘प्रजनन अधिकार’ हे शब्द पानोपानी आहेत. गटात तो वाचून दाखवताना दुसऱ्याच ओळीला एका आजींनी विचारले, “अधिकारी कधी यायचेत?” सगळ्या हसल्या, आणि मला मात्र तो शब्द पुढे रेटवेना. याहून बरे शब्द सुचवावेत.

प्रतिसाद (निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव) :
आजींचे कान शाबूत आहेत. मराठीत ‘अधिकार’ म्हटले की खुर्ची आणि शिक्का डोळ्यांसमोर येतो. जे मुळात आपलेच आहे त्याला आपण ‘हक्क’ म्हणतो. संविधानाच्या मराठी पाठातही ‘मूलभूत हक्क’च आहेत. ‘माहितीचा अधिकार’ रूढ झाला, हे खरे, पण म्हणून तीच चूक येथे करण्याचे कारण नाही.

‘प्रजनन’ मला त्याहून खुपतो, कारण तो पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत इतका मुरला आहे की शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या बाईला आधी गोठाच आठवावा. ‘जननआरोग्य’ सुटसुटीत आहे. जुने शब्दही तपासून पाहावेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत गर्भनिरोधनाच्या सल्ल्याचे केंद्र काढले, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि ‘संततिनियमन’ हा शब्द घरोघरी नसला तरी वादावादीत पोहोचवला. पुढे सरकारी ‘कुटुंबनियोजन’ आले. आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीने ते नाव इतके बदनाम झाले की १९७७ साली त्याचे ‘कुटुंबकल्याण’ करावे लागले. या तिन्ही शब्दांत संतती आहे, कुटुंब आहे; बाई कोठेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्येवरील १९९४च्या कैरो परिषदेत १७९ देशांनी मान्य केलेल्या कृतिकार्यक्रमात मुले किती, केव्हा आणि किती अंतराने व्हावीत हे जोडप्याने व व्यक्तीने मोकळेपणाने ठरवावे, असे म्हटले आहे. ‘हक्क’ हा शब्द तेथे शोभतो, ‘नियोजन’ नाही.

राहिला ‘दाता’. दान दिले की दात्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, शिवाय पुण्यही दात्याच्याच पदरी. या पैशाला मात्र करार, मुदत आणि हिशेब असतो. आपल्याकडे अनुदानित शाळा म्हटले की अटी आल्याच, हे कोणालाही समजते. म्हणून ‘अनुदान देणारा देश’ असे लिहावे; लांब आहे, पण खरे आहे.

प्रतिसाद (आरोग्यसेविका, कुर्ला) :
काकांचे पटले, पण ‘जननआरोग्य’ आमच्या वस्तीत कोणी बोलत नाही. बायका ‘पिशवीचा त्रास’ म्हणतात, कॉपर-टीला ‘तांबी’ म्हणतात आणि दोन मुलांत अंतर ठेवण्याला ‘पाळणा लांबवणे’. मथळ्यात तुमचा शब्द ठेवा, आत आमचे येऊ द्या.

एक धोका सांगते. मराठीत आपोआप पडला तरी ‘गर्भपात’ आणि करून घेतला तरी ‘गर्भपात’च. तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव होऊन आलेल्या एका बाईने हा शब्द ऐकताच माझा हात धरून सांगितले होते, “मी नाही हो काही केलं.” तेव्हापासून मी ‘गर्भ पडला’ आणि ‘गर्भपात करून घेतला’ असे वेगळे बोलते. पुस्तिकेतही तसेच वेगळे ठेवा.

भाषांतरकार :
ताई, हा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. आता एकच अडचण उरली. १९८४ साली मेक्सिको सिटीतील लोकसंख्या परिषदेत अमेरिकेने जाहीर केलेल्या धोरणाला विरोधक तोंडाला बोळा कोंबणारा नियम म्हणतात. अमेरिकी पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेने कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपाताची सेवा द्यायची नाही, त्याचा पुरस्कारही करायचा नाही, आणि हे बंधन दुसरीकडून मिळालेल्या पैशालाही लागू. डेमोक्रॅट अध्यक्ष ते उठवतात, रिपब्लिकन पुन्हा लादतात. २०१७ साली ते जागतिक आरोग्याच्या जवळपास सगळ्या मदतीला लावले गेले, तेव्हा नेदरलँड्सच्या मंत्री लिलियाने प्लाउमेन यांनी पर्यायी निधी उभारायला घेतला आणि त्यांच्या सरकारने त्यात १ कोटी युरो घातले. हे एका शब्दात कसे सांगावे?

प्रतिसाद (मुद्रितशोधक, गिरगाव) :
‘मुस्कटदाबी’. शोधायला लांब जाऊ नये. जाता जाता, कुटुंबनियोजन संस्थांच्या ज्या आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाने (आयपीपीएफ) २०१७ साली त्या अटीवर सही करायला नकार दिला, त्याची स्थापना १९५२ साली आपल्या मुंबईतच झाली होती. पुस्तिकेत एवढी ओळ अवश्य घालावी.

भाषांतरकार :
घातली. पहिले वाक्य आता असे आहे : ‘पाळणा कधी हलवायचा, किती लांबवायचा आणि कधी थांबवायचा हे ठरवणे बाईचा हक्क आहे, त्यासाठी लागणाऱ्या दवाखान्याला आणि तांबीला काही परदेशी सरकारे अनुदान देतात, आणि त्या अनुदानाला अटी असतात.’ काल आजींना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, “अटी कोणत्या?” तेव्हा दुसरे पान उलटले.