पेरणीच्या जुन्या लाकडी तिफणीखाली रोज पिवळा भुसा पडतोय. जळकं ऑईल लावू का?

तिफणवाला (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत तीन वर्षांपासून मी शेतीच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय चालवतो. चालवतो म्हणजे सकाळी झाडतो, पोरं आली की तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचा वाडगा, दाखवतो आणि जात्यावर कोणी बसलं की उठवतो. वखर, डवरे, मोट, पायली, पोळ्याच्या झुली, सगळं लोकांनी दिलेलं.

पंधरा दिवसांपासून तिफणीखाली पिठासारखा पिवळा भुसा पडतोय. झाडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. दांडीला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. गावात जो तो सांगतो, ट्रॅक्टरचं जळकं ऑईल चोपड.

दुसरी डोकेदुखी अशी की तिफण देणारे आबा गेले आणि आता नातू म्हणतो, "आबानं ठेवायला देल्ली होती, कायमची नाही." बोलणं झालं होतं ते चहाच्या टपरीवर. कागद काहीच नाही.

भांडारातला माणूस (नागपूर)
ऑईल नका लावू भाऊ. अळी लाकडाच्या आत असते, तिथवर ते पोचत नाही. वरून लाकूड काळं पडतं, धूळ चिकटते आणि मुठीला हात लागून लागून आलेली चकाकी कायमची जाते. तीच तर पाहायची वस्तू!

आजच तिफण वेगळ्या खोलीत न्या. जुनी भोकं मेणानं बुजवा, खाली काळा कागद अंथरा. नवं भोक पडलं तर कीड जिवंत आहे. पायलीसारखी लहान लाकडी वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. तिफण मावणार नाही, तिला धुरी देणारे जाणकार बोलवा. आणि धान्याच्या कोठीत कीड मारायला ठेवतात त्या गोळ्या स्वतः वापरू नका, त्यांचा वायू माणूस मारतो.

नोंदवहीवाली (वर्धा)
किडीपेक्षा मला तो आबांच्या नातवाचा प्रश्न मोठा वाटतो! पहिल्या वर्षी मी एक तांब्याची घागर चिंचेनं घासघासून लखलखीत केली. काठावरचं कोरलेलं नाव अर्धं पुसलं गेलं, आणि वहीत काही लिहिलेलंच नव्हतं. आज ती कोणाची ते सांगायला कोणी नाही.

जाड वही घ्या. क्रमांक, तारीख, कोणी दिली, कशासाठी वापरायचे, आणि "दान की ठेव" हा वेगळा रकाना. खाली सही. नातवाशी भांडू नका, त्याच्याच नावानं वर्षाची ठेव लिहा. शेतातली मूर्ती कोणी आणून दिली तर मात्र भिंतीला टेकवून ठेवू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. आधी तहसीलमध्ये कळवा.

वेळ काढून इकडे मगन संग्रहालय पाहून जा. 1938 मध्ये गांधीजींनी उघडलेलं, ग्रामोद्योगाच्या अवजारांचंच.

तिफणवाला
नातू काल आला. सही केली, पण एक अट घातली: मिरगाला पूजेसाठी तिफण एक दिवस घरी न्यायची. रकान्यात तेही लिहिलं. पण घरून येताना पुन्हा कीड आली तर?

भांडारातला माणूस
द्या खुशाल, पूजा होऊ द्या. परत आली की नव्या वस्तूसारखी पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, काळ्या कागदावर.