लष्करी सर्वेक्षणांचे जुने नकाशे आजच्या नकाशावर ताणून बसवावेत का?

जुनाकागद (धागाकर्ता): अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचे लष्करी नकाशे स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या संगणकप्रणालीत) आजच्या नकाशावर बसवणं सर्रास चालतं. माझा ठाम विरोध आहे. लष्करी अभियंता लेफ्टनंट वॉरनचा 1857चा नकाशा घ्या. प्रमाण 1:30,00,000, म्हणजे कागदावरचा 1 मिमी जमिनीवर 3 किमी. अर्ध्या मिमीची रेघसुद्धा दीड किमी रुंद! त्यावरून ‘वाट अमक्या शेतातून जात होती’ असं कसं ठरवता? शिवाय तो अनेक मोहिमांची मापं जुळवून केलेला, त्यामुळे चूकही प्रदेशागणिक वेगळी.

रेखांश: असहमत. ताणणं वाईट नाही, रीत चुकते. लोक नदीची वळणं नियंत्रणबिंदू (दोन्ही नकाशांवर जुळवायचे बिंदू) म्हणून घेतात, आणि मिसुरी नदीने तर तेव्हापासून पात्र कितीदा बदललंय. त्याऐवजी नकाशावरच्याच अक्षवृत्त-रेखावृत्तांचे दहा-बारा छेद घ्या. त्याआधी रेखांश ग्रीनिचपासून मोजलेत की वॉशिंग्टनपासून ते बघा, नाहीतर सगळं 77 अंश सरकेल. थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा लवचिकपणे ताणायची पद्धत टाळा: ती प्रत्येक बिंदू तंतोतंत बसवते, तक्त्यात चूक शून्य दिसते आणि खरी चूक दोन बिंदूंच्या मध्ये दडते. छेदांवर बसवलं की किल्ला किंवा संगम आजच्या जागेपासून किती हुकला ते सरळ मोजता येतं.

जुनाकागद: छेदांचं पटलं. पण मग सरासरी चूक म्हणून एकच आकडा देऊ नका. अक्षांश सेक्स्टंटने (कोन मोजायच्या उपकरणाने) ताऱ्यांच्या उंचीवरून निघायचा, तो बरा असतो. रेखांश दोन ठिकाणच्या वेळेतल्या फरकावरून काढायचा, म्हणून त्याला घड्याळ लागायचं, आणि प्रवासातल्या धक्क्यांनी त्याची चाल बिघडायची. 40 अंश अक्षांशावर घड्याळ 4 सेकंद चुकलं तर जागा 1.4 किमी सरकते, मिनिटभर चुकलं तर 21 किमी. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण चूक वेगवेगळी लिहा.

कोरीजागा: तुम्ही दोघंही रेघांवरच भांडताय. लष्करी अधिकारी फ्रेमाँटच्या मोहिमेच्या 1845च्या नकाशात त्याचा नकाशाकार प्रॉयसने प्रत्यक्ष पाहिलेलंच काढलं आणि ग्रेट बेसिन या पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशाचा मोठा भाग कोरा सोडला. रॉकी पर्वतापासून पॅसिफिकपर्यंत दाखवली जाणारी काल्पनिक बुएनाव्हेंतुरा नदी त्याच मोहिमेने खोडली. खाली आजचा नकाशा ठेवून वरचा अर्धपारदर्शक केला, की त्या कोऱ्या जागेत आजचे डोंगर नि रस्ते उगवतात आणि नकाशाचा प्रामाणिकपणाच पुसला जातो. कोरं म्हणजे निर्मनुष्यही नव्हे, तिथे शोशोनी आणि पाययूट हे मूलनिवासी लोक राहत होते.

रेखांश: त्यावर उपाय आहे. मोहिमेच्या वाटेभोवती पट्टा आखा आणि त्याबाहेर खालचा आधुनिक थर झाका.

कोरीजागा: पट्टा सगळीकडे सारखा रुंद नको. सपाट मैदानात लांबवरचं दिसतं, दरीत पुढचं वळणही दिसत नाही. मोहिमेची रोजनिशी वाचूनच रुंदी ठरवा.