कांद्याच्या मुळाची स्लाइड: मायटोसिसच्या (पेशीविभाजनाच्या) अवस्था दिसतच नाहीत, काय चुकतंय?

अकरावी_सायन्स

नमस्कार. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्क्वॅश स्लाइड तीनदा करून झाली. तिन्ही वेळा लांबट, फिकट पेशी आणि प्रत्येकीत एक गोल ठिपका, एवढंच दिसतं. गुणसूत्रं कुठेच नाहीत. माझी कृती: मुळं ३ सें.मी. वाढल्यावर एक मूळ कापलं, त्यातला साधारण १ सें.मी. तुकडा स्लाइडवर घेतला, अॅसिटोकार्मिन या लाल रंगाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं ठेवलं, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबलं आणि थेट ४० एक्सने पाहिलं.

दुसरी शंका थिअरीची आहे. कांद्यात २ एन = १६, म्हणजे साध्या पेशीत १६ गुणसूत्रं. एस-फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो, मग मेटाफेजला ३२ गुणसूत्रं का लिहायची नाहीत? आणि अॅनाफेजला मात्र ३२ म्हणतात, ते कसं?

सूक्ष्मदर्शी

"लांबट, फिकट पेशी" यातच उत्तर आहे. तू पाहतोयस तो मुळाचा वाढून लांब होणारा भाग. तिथल्या पेशी विभागायचं थांबवून आता फक्त ताणल्या जातायत. विभाजन चालतं ते टोकाच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. अगदी पुढे मूलटोपी, तिच्या लगेच मागे विभाजी ऊती, तिच्यामागे लांब होणारा भाग, आणि जिथे मूलरोम दिसतात तिथे तर पेशी पक्व झालेल्या. १ सें.मी. तुकड्यातला नऊ-दशांश भाग आपल्या कामाचा नाही, आणि कामाचा जो आहे तो त्या गर्दीत हरवतो.

दुसरी उणीव आम्लाची. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा मध्यपटल पेक्टिनचा असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने तो सैल झाल्याशिवाय कितीही दाबलं तरी पेशी सुट्या होत नाहीत, चार-पाच थर एकावर एक राहतात आणि भिंगाखाली नुसता लाल गोळा दिसतो.

या क्रमाने करून बघ.

मुळं सकाळी ८ ते १० च्या दरम्यान काप आणि लगेच स्थिरीकारकात टाक: ३ भाग इथेनॉल, १ भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल. हे मिश्रण त्याच दिवशी बनवायचं. ठेवून दिलं की अल्कोहोल आणि आम्ल यांची आपसात क्रिया होऊन एस्टर तयार होतो आणि मिश्रणाचा जोर जातो. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवलीस की पुढचे काही दिवस सवडीने स्लाइड करता येतात. फॉर्मालिनमधली मुळं घेऊ नकोस, ती कडक होतात आणि पसरतच नाहीत.

मग मूळ पाण्यात धुऊन १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते ८ मिनिटं. संहत आम्ल साधारण १२ नॉर्मल असतं, म्हणजे १०० मिलि. द्रावणाला ८.३ मिलि. पुरतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हे काम शिक्षकांनी चष्मा-हातमोजे घालून करायचं. वेळ फार कमी पडली तर पेशी सुटत नाहीत. फार झाली तर टोक चिमट्यातच विरतं आणि रंगही नीट धरत नाही.

आम्लातून काढल्यावर दोनदा पाण्याने धू. मग अॅसिटोकार्मिनमध्ये १० ते १५ मिनिटं. आता मुळाकडे नीट बघ: टोकाचा एक-दोन मि.मी. भाग बाकीच्यापेक्षा ठळक गडद लाल झालेला दिसेल. लहान पेशी, त्यांत मोठी केंद्रकं, म्हणून तिथे रंग दाट बसतो. ब्लेडने फक्त तेवढा गडद भाग ठेव, बाकी सगळं फेकून दे. त्यावर ४५ टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब, मग सुईने टोक थोडं फोड. सुई लोखंडी असली तर बरंच, कारण लोहाचा अंश मिळाला की कार्मिनचा रंग गडद होतो. मात्र जास्त झाला तर पेशीद्रव्यही काळवंडतं, तेव्हा सुई नुसती फिरवायची, बुडवून ठेवायची नाही.

कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलके, एकाच जागी न मारता, वीस-पंचवीस टिचक्या मार. तुकडा ढगासारखा पसरू लागतो. स्लाइड स्पिरिट दिव्यावरून दोन-तीनदा पटकन फिरव. हाताच्या पाठीला कोमट लागली की पुरे. उकळी फुटली तर बुडबुडे होतात आणि स्लाइड वाया जाते. शेवटी टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब. इथे कव्हरस्लिप जरासुद्धा बाजूला सरकता कामा नये. सरकली की पेशी लोळतात आणि गुणसूत्रांचा दोरा गुंतल्यासारखा गुंता होतो.

पाहताना आधी १० एक्स. चौकोनी, लहान, दाट रंगाच्या पेशींचा पट्टा शोध, तो मधोमध आण आणि मगच ४० एक्स लाव. आजही थेट ४० एक्स लावलंस तर समोर विभाजी ऊती असूनही नजरेतून निसटेल.

लासलगाव_रोड

वरचं सगळं बरोबर, पण निम्म्या स्लाइड कांदा निवडतानाच बिघडतात, म्हणून त्याबद्दल थोडं.

नुकताच काढलेला कांदा घेऊ नका. काढणीनंतर काही आठवडे कांदा सुप्तावस्थेत असतो आणि पाण्यावर ठेवला तरी मुळं फुटत नाहीत. चाळीत काही महिने राहिलेला, टणक, बुडाशी कोरडा कांदा चांगला. बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालची कठीण तबकडी कापू नका. तेच कांद्याचं खोड, आणि नवी मुळं तिच्यातूनच येतात. ती सपाट कापली की आठवडाभर वाट बघूनही काही येत नाही.

पेल्यावर तीन काड्या टोचून कांदा असा बसवा की पाणी फक्त बुडाला टेकेल. अर्धा कांदा बुडवला तर तो सडतो, वास सुटतो आणि मुळांची टोकं तपकिरी होतात. तपकिरी टोक म्हणजे मेलेली विभाजी ऊती, त्यात काही दिसणार नाही. पाणी रोज बदला, पेला सावलीत ठेवा. २० ते २५ अंशांत तीन ते पाच दिवसांत २-३ सें.मी. मुळं येतात. उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३५ च्या वर असेल तर पेला माठाजवळ किंवा ओल्या फडक्यावर ठेवा.

कांदा दाद देत नसेल तर लसूण घ्या. पाकळी सोलून बूड पाण्याला टेकवायचं, बहुधा दोन-तीन दिवसांत मुळं. लसणातही २ एन = १६ आणि गुणसूत्रं कांद्याप्रमाणेच मोठी, त्यामुळे थिअरीत काहीच बदलत नाही.

सकाळच्या वेळेबद्दल मात्र एक सांगतो. वेळ पाळावी, पण घड्याळापेक्षा मूळ पांढरंशुभ्र आणि जोमाने वाढणारं असणं जास्त महत्त्वाचं. दुपारी कापलेल्या चांगल्या मुळातही अवस्था सापडतात.

गुणसूत्रबिंदू

दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण बारावीपर्यंत हा गोंधळ सुटत नाही आणि मग मिओसिसमध्ये (जननपेशींसाठीच्या विभाजनात) दुप्पट त्रास देतो.

नियम एकच: गुणसूत्रं मोजायची म्हणजे गुणसूत्रबिंदू (गुणसूत्रावरचा जोडबिंदू, सेंट्रोमिअर) मोजायचे. डीएनए किती ते वेगळं मोजायचं. या दोन संख्या बरोबरीने चालत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कांद्याच्या एका पेशीवर चालवून बघ. जी-१ मध्ये, म्हणजे एस-फेजच्या आधी, १६ गुणसूत्रं, प्रत्येकात डीएनएचा एक रेणू, म्हणजे १६ रेणू. एस-फेजमध्ये प्रत्येक रेणूची प्रत निघते. पण मूळ आणि प्रत ही दोन्ही एकाच गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली राहतात, म्हणून त्यांना भगिनी अर्धगुणसूत्रं म्हणायचं. एस-फेजनंतरच्या जी-२ मध्ये म्हणून गुणसूत्रं १६, अर्धगुणसूत्रं ३२, डीएनएचे रेणू ३२. पूर्वावस्था (प्रोफेज) आणि मध्यावस्थेतही (मेटाफेज) हेच. एक्सच्या आकाराची आकृती काढतो ती एका गुणसूत्राची, दोन गुणसूत्रांची नाही.

पश्चावस्थेत (अॅनाफेज) भगिनी वेगळ्या होतात. त्याच क्षणी प्रत्येकीला स्वतःचा गुणसूत्रबिंदू मिळतो, म्हणून आता पेशीत ३२ गुणसूत्रं, एकेका ध्रुवाकडे १६. लक्षात घे, या पायरीवर डीएनए तसूभरही वाढलेला नाही, रेणू आधीही ३२ होते आणि आताही ३२ आहेत. वाढली ती फक्त गुणसूत्रांची संख्या. एस-फेजमध्ये नेमकं उलट होतं: डीएनए वाढला, संख्या तीच राहिली. पुढे दोन पेशी झाल्या की प्रत्येकीत १६ गुणसूत्रं आणि १६ रेणू.

हे तुला स्लाइडवरही दिसू शकतं. पश्चावस्थेतली पेशी सापडली की गुणसूत्रांच्या भुजा व्ही आकारात वाकलेल्या आणि व्हीचं टोक ध्रुवाकडे असं दिसेल. तर्कूतंतू (ध्रुवांपासून येणारे, तर्कू बनवणारे धागे) गुणसूत्रबिंदूला धरून ओढतात, भुजा मागे फरफटत येतात, म्हणून तो आकार. कुठून ओढलं जातंय ते नुसत्या आकारावरून वाचता येतं.

आकृत्यांत हमखास होणाऱ्या दोन चुका. कांद्याच्या पेशीत तारकाकेंद्र (प्राण्यांच्या पेशीत तर्कूच्या टोकांशी असतात ती सेंट्रिओल) दाखवणं ही पहिली. उच्च वनस्पतींत ती नसतात, तर्कू त्यांच्याशिवायच तयार होतो. दुसरी म्हणजे मध्यावस्थेत गुणसूत्रांच्या ८ जोड्या मांडणं. समजात (एकसारख्या, जोडीतल्या) गुणसूत्रांची जोडी मिओसिसमध्ये जमते. इथे १६ ही आपापली विषुववृत्तावर येतात, एकमेकांची दखल न घेता.

जाता जाता: वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये या विभाजनाला मायटोसिस हे नाव दिलं ते धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या "सूत्री विभाजन" मधलं सूत्र म्हणजेही धागाच. पूर्वावस्थेतली पेशी ४० एक्सखाली पाहिलीस की गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा पुंजका दिसतो आणि दोन्ही नावं लगेच पटतात.

अकरावी_सायन्स

खूप आभार. आम्ल वापरून, फक्त गडद टोक घेऊन स्लाइड केली. पूर्वावस्था बऱ्याच दिसल्या, मध्यावस्था मोजक्या, पश्चावस्था एकच. बाकी बहुतेक पेशी साध्याच. म्हणजे स्लाइड अजून कच्ची आहे का? आणि मायटोटिक इंडेक्स (विभागणाऱ्या पेशींचं शेकडा प्रमाण) किती पेशी मोजून काढायचा?

सूक्ष्मदर्शी

स्लाइड चांगली आहे. हेच प्रमाण यायला हवं. पेशीचक्राचा बहुतांश काळ आंतरावस्थेत (दोन विभाजनांमधल्या काळात) जातो, म्हणून कोणत्याही क्षणी बहुतांश पेशी तिथेच सापडणार. तू मुळं स्थिरीकारकात टाकलीस तेव्हा हजारो पेशींचा एकाच क्षणी फोटो निघाला. जी अवस्था जास्त वेळ टिकते ती फोटोत जास्त वेळा येते. पूर्वावस्था लांब, पश्चावस्था सगळ्यांत झटपट, म्हणून तुला ती एकच मिळाली.

इंडेक्ससाठी निदान पाच क्षेत्रं आणि एकूण ५०० च्या पुढे पेशी मोज. ५० पेशींत एखादी इकडची तिकडे झाली तरी उत्तर २ टक्क्यांनी हलतं. गणिताची पद्धत कळावी म्हणून आकडे मानून चालू: ६०० पेशी, त्यांत आंतरावस्था ५४०, पूर्वावस्था ३६, मध्यावस्था १०, पश्चावस्था ६, अंत्यावस्था ८. विभागणाऱ्या ६०, म्हणून इंडेक्स ६० भागिले ६०० गुणिले १००, म्हणजे १० टक्के. चक्र २० तासांचं, म्हणजे १२०० मिनिटांचं धरलं तर पूर्वावस्थेला ३६ भागिले ६०० गुणिले १२००, म्हणजे ७२ मिनिटं, आणि पश्चावस्थेला १२ मिनिटं.

या गणितात दोन गोष्टी गृहीत आहेत, त्या जर्नलमध्ये लिही: मोजलेल्या सगळ्या पेशी चक्रात आहेत, आणि त्या एकाच वेळी एकाच अवस्थेत नाहीत. लांबट पेशी मोजणीत घेतल्यास तर पहिलं गृहीतक मोडतं, भाजक फुगतो आणि इंडेक्स खोटा कमी येतो.

गुणसूत्रबिंदू

एक जोड. आंतरावस्था संपून पूर्वावस्था कधी सुरू झाली, यावर दोघांच्या मोजणीत सर्वांत जास्त फरक पडतो. केंद्रक एकसारखं दाणेदार आणि आत केंद्रकी (केंद्रकातला लहान गोल ठिपका) स्पष्ट असेल तर आंतरावस्था. वेगवेगळे धागे डोळ्यांना ओळखता आले तरच पूर्वावस्था. मोजण्याआधी हा निकष वहीत लिहा आणि शेवटच्या क्षेत्रापर्यंत तोच पाळा.

गुणसूत्रं नेमकी १६ मोजायची असतील तर वेगळी मुळं घ्या आणि स्थिर करण्याआधी बर्फाच्या पाण्यात, फ्रीजमध्ये, २४ तास ठेवा. थंडीने तर्कूतंतू सुटतात, पेशी मध्यावस्थेत अडकतात आणि गुणसूत्रं आखूड, सुटी दिसतात. कोल्चिसिनही हेच करतं. आपल्याकडच्या कळलावीत ते असतं आणि म्हणूनच ती इतकी विषारी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्या वाटेला जाऊ नका, बर्फ पुरतो. फक्त गार केलेल्या मुळांवर इंडेक्स काढू नका, कारण अडकलेल्या मध्यावस्थांनी सगळी प्रमाणं बिघडलेली असतात.

अकरावी_सायन्स

शेवटचं: स्लाइड परवाच्या व्हायव्हापर्यंत टिकेल का?

सूक्ष्मदर्शी

टिकेल. कव्हरस्लिपच्या चारही कडा टिपकागदाने कोरड्या कर, पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दे आणि स्लाइड फ्रीजमध्ये आडवी ठेव. कड ओली राहिली तर पॉलिश धरत नाही, आतलं आम्ल उडून जातं आणि दुसऱ्या दिवशी कडेपासून हवा शिरलेली दिसते. चांगली पेशी सापडली असेल तर मंचावरच्या पट्ट्यांचे दोन्ही आकडे स्लाइडच्या चिठ्ठीवर लिहून ठेव. त्याच सूक्ष्मदर्शकावर स्लाइड त्याच बाजूने लावलीस की ती पेशी लगेच सापडेल.